शाळेला विचारायचे प्रश्न

शाळेकडून आलेल्या कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या आणि त्या दोन ओळींनी आमचं घर पार गोंधळून गेलं. वरचं सगळं सरळ होतं. मुलीला मुलाखतीला घेऊन या, सातवीचं गुणपत्रक आणा, जन्माचा दाखला आणा. गावच्या शाळेतले गुरुजी एकेक वाक्य वाचत होते आणि माझे वडील, दादा, बाजेवर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि वाचलं की मुलीने स्वतः केलेली किंवा जमवलेली एखादी वस्तू सोबत आणावी, तसेच शाळेला विचारावयाचे प्रश्न तयार करून यावे. दादांची मान हलायची थांबली. “शाळा पोरीला इचारनार, का पोरगी शाळेला?” त्यांनी विचारलं. गुरुजींनी ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली आणि म्हणाले, “लिहिलंय तर असंच. पोरीनं विचारायचे.” दादा म्हणाले, “ही काय तऱ्हा झाली.” चुलीपुढे माय भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज मधेच बंद पडला होता, तो पुन्हा सुरू झाला.

आमचं गाव झरीच्या फाट्यावरून आत. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे झरीला हायस्कूल होतं, पण तिथे जाणारी गावातली मुलगी मी एकटीच झाले असते आणि दादा त्याला तयार नव्हते. माणूस वाईट नव्हता तो, फक्त माझी रोजची ती वाट आठवली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून गुरुजींनी पूर्णेच्या त्या नव्या मुलींच्या शाळेचं काढलं. राहायचं तिथेच, शिकायचं तिथेच. इथे नंबर लागला तर दहावीपर्यंत शाळा आणि नाही लागला तर पाटी-दप्तर माळ्यावर, असा सरळ हिशोब होता. आमच्या आत्यानं तर मानवतकडचं एक स्थळ नजरेत धरून ठेवलेलंच होतं. लगेच नाही, दोनेक वर्षांनी, असं ती म्हणायची, पण दोन वर्षं जायला काय लागतं?

ही आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. मुलाखतीचं कळल्यावर ती मिळेल त्या एस्टीनं आली आणि पिशवी ठेवायच्या आधी म्हणाली, “तयारी मी करून घेते.” तिनं आयुष्यात एकाच तऱ्हेची मुलाखत पाहिली होती, मुलगी दाखवण्याची. पण त्या कामात तिचा हात धरणारं आमच्या भावकीत कुणी नव्हतं. बहिणी, नणंदा, पुतण्या अशा कितीतरी जणी तिनं पाटावर बसवल्या होत्या आणि तिच्या हाताखालून गेलेली एकही मुलगी नापसंत झाली नव्हती. त्यामुळे घरात कुणालाच काही खटकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला नऊवारीच तेवढी नेसवायची राहिली.

आत्या मला दारापासून पाटापर्यंत चालायला लावायची. पाऊल वाजता कामा नये. बसताना गुडघे एका बाजूला. नजर पाटाच्या कडेवर. “इचारलं तेवढंच बोलायचं. आवाज कसा पायजे? त्यांला पुढं वाकून ऐकावं लागलं पायजे,” ती सांगायची. बाजेवर दादांना शाळेचे मोठे साहेब म्हणून बसवलं जायचं आणि दादांना तर त्या कामात फारच मजा यायला लागली होती. पटक्याचं टोक पाठीवर टाकून ते घसा खाकरायचे आणि विचारायचे, “नाव काय? मामाचं गाव कोन्तं? दोरा ओवता येतो का?” मी मान खाली घालून सांगायचे, गोदावरी, चारठाणा, येतो. मग मी सुशीलाची ताटली त्यांच्यापुढे ठेवायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी, वर दाण्याचा कूट आणि कोथिंबीर. तालीम रोज व्हायची आणि रोज सुशीला व्हायचं, त्यामुळे माझी निवड व्हावी असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते घरातल्या मुरमुऱ्यांच्या डब्याला, असं मी मायला म्हटलं होतं. माय हसली.

आता मी परभणीत राहते. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याचं पोरगं अजून धड बोबडं बोलतं आणि त्याच्याही शाळेची मुलाखत असते. त्याची आई मोबाईलवर बघून त्याला रंग, प्राणी, फळं पाठ करून घेते. परवा मी तिला सहज म्हटलं, “आणि तुम्ही काय विचारणार शाळेला?” तर ती म्हणाली, “आपण काय विचारणार हो काकू, सीट मिळाली म्हणजे झालं.” मला आमचा पाट आणि बाज आठवली. नुसते पाठ करायचे प्रश्न बदलले आहेत, असं मनात आलं आणि हसूही आलं. 

वस्तूचा प्रश्न आत्यानं चुटकीसरशी सोडवला. तिच्या पेटीत एक रुमाल होता, पांढरा, त्यावर हिरवा पोपट आणि पोपटाच्या चोचीत डाळिंबाची फांदी. तिनंच भरलेला. हाच रुमाल तिनं दोन पुतण्यांच्या वेळी त्यांच्या हातचा म्हणून दाखवला होता आणि दोघींची लग्नं जमली होती. मी म्हटलं, “मी केलेलं, मी जमवलेलं असं एक हाय की माझ्याजवळ.” आत्यानं विचारलं काय, म्हणून मी माळ्यावरून माझी दोरी काढून आणली.

ही दोरी म्हणजे माझा त्या काळातला मोठा उद्योग. ज्वारी निघाली की आमच्या काळ्या रानाला भेगा पडायच्या. चैत्र-वैशाखात तर अशा की पाय आडवा पडला तर पोटरीपर्यंत आत जाईल. त्यात माझी एक चप्पल गेली होती, धाकट्या भावाच्या गोट्या गेल्या होत्या, आणि एकदा दादांच्या खिशातलं अडकित्त्याचं पातं निसटून गेलं तेही परत मिळालं नव्हतं. हे सगळं जातं कुठे, तळाशी काय असतं, हे कोडं मला दुसरं काही सुचू देत नव्हतं. आडाचा जुना दोर तुटला तेव्हा त्याचे पदर उसवून मी लांबलचक दोरी वळली, टोकाला खडा बांधला आणि एकेका भेगेत सोडून बघितली. खडा तळाला टेकला की वर भेगेच्या तोंडाशी दोरीला गाठ. गाठीत रंगीत चिंधी, म्हणजे कुठली भेग ते ओळखू यावं. ओढ्याजवळची लाल, बांधाकडची पिवळी, बाभळीखालची हिरवी. आत्यानं दोरी दोन बोटांत धरली आणि दादांकडे बघून म्हणाली, “शाळंत कुनी सुतळी नेतंय का? लोक हसतेल. रुमालच ने.” दादांनाही तसंच वाटलं. दोरी माळ्यावर परत गेली, आणि मला वाईट वाटलं, हे आजही सांगते.

राहिले प्रश्न. त्या बाबतीत मात्र आत्याचं काही चालेना, कारण मुलीनं प्रश्न विचारायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं. बघता बघता गावभर झालं की गोदा शाळेला सवाल विचारायला चालली आहे. मग काय, जो भेटेल तो आपला सवाल माझ्याजवळ ठेवून जाऊ लागला. गुरुजींचा होता, वाचनालयातली पुस्तकं कपाटाबाहेर येतात का. त्यांच्या स्वतःच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली कधीची हरवलेली होती, म्हणून असेल. बांगड्या भरायला येणारी रहिमाचाची म्हणाली, “रात कू बत्ती रहती क्या नै, पूछ ले बेटी.” दादांचा होता, सुट्टीला पोरी घरी पाठवताना संगं कोण येतं. आत्यालाही शेवटी राहवलं नाही. “सैपाक कोन करतंय, ते इचार,” ती म्हणाली. ती का विचारते आहे ते मला त्या वयातही कळत होतं आणि तो प्रश्न मी नेला नाही. माझे स्वतःचे तर इतके होते की निवडता निवडता जीव गेला. मला घर सोडून नुसतं शिकायचं नव्हतं, मला जाऊन बघायचं होतं की प्रश्न विचारले की ही शाळा करते काय.

माय तेवढी गप्प होती. दोनतीनदा मी तिच्या मागे लागले. “तुजा सवाल सांग की.” ती म्हणायची, “मला काय इचारायचंय? मी काय शाळंत जायलेय?” पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी, दादा धोतर धुवायला टाकत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, “उद्या पोरीसंगं मी जाते.” आत्या म्हणाली, “तू जाऊन तिथं काय बोलनार?” माय म्हणाली, “बोलायचं तिला हाय. मी संगं जायले.” आणि दादा, ज्यांना साहेबांपुढे उभं राहायची मनातून धास्तीच होती, ते लगेच म्हणाले की वखरणी खोळंबली आहे, तेच बरं. दुसऱ्या दिवशी माय पहाटेच उठून धपाटे करत होती. लसूण-दाण्याची चटणी, धपाटे बांधलेलं फडकं, गुणपत्रक, दाखला, पोपटाचा रुमाल हे सगळं तिनं पिशवीत घातलं. फाट्यापर्यंत पिशवी तिनंच धरली.

एस्टीनं परभणीला आलो, तिथून पूर्णेची पॅसेंजर रिकामीच होती. मिरखेल स्टेशन गेल्यावर मायनं धपाट्याचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि स्वतःहून बोलायला लागली. तिचं माहेर चारठाण्याचं. देवळामागे दगडी पायऱ्यांची बारव, पायऱ्या उतरून खाली गेलं की पाणी हाताशी. “मला बगायला आले ना,” माय म्हणाली, “तवा माज्या मनात येकच सवाल. तुमच्या गावात पानी कुठून आनत्यात? नुसता तोंडावर आल्ता. मामानं डोळे वटारले. मंग म्हनलं, जाऊ दे, ते इचारतेल तुला काय इचारायचं म्हनून, तवा इचारावं. कुनी इचारलंच न्हाई.” मग तिनं धपाट्याचा आणखी एक तुकडा मोडला. आमच्या गावचा आड होळीला आटायचा आणि मग ओढ्यातल्या झिऱ्यावर जावं लागायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. मला आठवतं तेव्हापासून माय पाणीच आणत होती. मी म्हटलं, “कळलं असतं तर नगं म्हनली असतीस का गं?” ती म्हणाली, “पानी लांब हाय म्हनून कुनी सोयरीक मोडतंय का? पन कळलं तर असतं.” पुढे म्हणाली, “माजा सवाल त्योच हाय. इचारशील?”

शाळा म्हणजे स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या लांब खोल्या आणि पुढे लिंबाची दोन झाडं. मायला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. टेबलामागे तिघं होती. मध्ये मोठ्या बाई, एका बाजूला दाढीवाले तरुण सर, दुसऱ्या बाजूला संस्थेचे टोपीवाले आजोबा. मी तिघांच्या पाया पडले. दाराशी उभ्या शिपाईकाकांच्याही पडले, तेव्हा ते मागे सरले. मग समोर खुर्ची असताना मी खाली फरशीवर गुडघे एका बाजूला घेऊन बसले आणि टेबलाच्या पायाकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, “अगं, वर बस.” मी वर बसले. नाव विचारलं, सांगितलं, आणि कुणी न विचारता मामाचं गावही सांगून टाकलं. “तुला काय काय येतं?” सरांनी विचारलं. मी म्हणाले, “भाकरी, धपाटे, येसराची आमटी, सारवन. दोरा ओवता येतो.” माझा आवाज इतका बारीक होता की तिघंही खरोखरच पुढे वाकले होते. आत्याला बघून समाधान वाटलं असतं. आजोबांनी रुमाल हातात घेतला, पोपटावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हा टाका कोणता गं?” मला काय ठाऊक? मी म्हणाले, “आत्याला माहीत.” सर हसू दाबायला लागले. बाईंनी रुमालाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. गेली आपली शाळा, असं मला स्पष्ट वाटलं आणि मानवतचं स्थळ डोळ्यांपुढे आलं, न बघितलेलं.

मग बाई म्हणाल्या, “बरं, शाळेला विचारायला काय आणलंस?” मी मान वर केली. तालमीत या जागेचं काही बसवलंच नव्हतं, त्यामुळे इथे कसं बसायचं, कसं बोलायचं हे आत्यानं शिकवलेलं नव्हतं आणि मी घरी बोलते तशी बोलायला लागले. पुस्तकं कपाटाबाहेर येतात का? बाई म्हणाल्या, “किल्ली माझ्या कमरेला असते. मागशील तेव्हा मिळेल.” रात्री दिवे असतात का? “असतात, पण जातातही. कंदील आहेत.” सुट्टीला संगं कोण येतं? शिपाईकाका येतात. मग माझा आला. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, त्या किती खोल जातात आणि तळाशी काय असतं? सर सरळ बसले. “तू कधी बघितलंयस?” मी म्हणाले, “दोरी सोडून बगितलंय. पन दोरी घरी हाय.” असं म्हणत मी रुमाल ठेवायला पिशवीत हात घातला तर धपाट्यांच्या फडक्याखाली गुंडाळी हाताला लागली. मायनं घातली होती. मी ती काढून टेबलावर ठेवली. सर एकेक गाठ बघत गेले. “ही लाल गाठ खड्याच्या एवढी जवळ कशी?” मी सांगितलं की ती ओढ्याजवळची भेग आहे, तिथे ओल राहत असेल, म्हणून जास्त फाटत नसेल, पण नक्की ठाऊक नाही. “तळाशी काय असतं ते मलाही नक्की ठाऊक नाही,” सर म्हणाले, “आपण खणून बघू.” मोठ्या माणसानं ‘मला ठाऊक नाही’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला तो माणूस भारी आवडला.

“आणखी काही?” बाईंनी विचारलं. मी म्हणाले, “मायचा येक हाय. पानी कुठून आनता?”

टोपीवाले आजोबा म्हणाले, “पाण्याची उत्तम सोय होणार आहे.” बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “आत्ता नाही,” त्या म्हणाल्या. “बोअरचं पाणी गेलंय. मुली लाइनीपलीकडच्या हापशावरून आणतात, मीही त्यांच्याबरोबर जाते. यंदा सोय होईल की नाही, सांगता येत नाही. आईला हे असंच सांग आणि मग यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

खोलीतून बाकापर्यंतचं अंतर ते केवढं, पण मला तिथे पोचायला फार वेळ लागला. जन्मभर जिनं पाणी वाहिलं तिला मी काय सांगणार होते, की शाळेतही तेच आहे? ती म्हणाली असती, मग घरी राहिलेलं काय वाईट? नळ आहे म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. माय उठून उभी राहिली. पास का नापास, काही नाही. “माजा सवाल इचारला का?” एवढंच तिनं विचारलं. मग मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. मायनं पिशवी माझ्याकडून घेतली. मग म्हणाली, “हापसा जड चालतोय का हलका?”

“ते न्हाई इचारलं.”

“मंग चल, बगू.”

आम्ही लाइन ओलांडून गेलो. तिथे दोनचार बाया होत्या, त्यांच्याशी मायनं आपल्या ओळखीच्याच असाव्यात तसं बोलून घेतलं, की गर्दी कधी असते, चैत्रात चालतो का, भांडणं होतात का. मग पदर खोचून तिनं दांडा धरला. दोन हिसक्यांत पाणी आलं. तिनं ओंजळीनं पिऊन बघितलं, मला पाजलं. “गोड हाय,” ती म्हणाली, “आन् हलका हाय.” पाठीवर ऊन घेत ती तशीच जरा वेळ दांडा मारत राहिली, पाणी वाया चाललं होतं तरी. माझी माय खूश असली की कशी दिसते ते मी त्या दिवशी नीट बघितलं.

पूर्णेच्या बाजारात तिनं भांड्यांच्या दुकानासमोर मला उभं केलं. बऱ्याच कळश्या माझ्या कमरेवर ठेवून बघितल्या आणि एक लहानशी, पातळ पत्र्याची निवडली. मी म्हटलं, “अगं, नंबर लागला का न्हाई ते कुठं कळलंय अजून?” ती म्हणाली, “न लागंना. घरी लागंल.” पण कमरेवर ठेवून माप घेतलं ते माझ्याच. निकालाचं पोस्टकार्ड पुढे पाऊस सुरू झाल्यावर आलं आणि त्या कळशीनं मी दहावी होईपर्यंत त्याच हापशावरून पाणी आणलं. भेगेच्या तळाशी काय असतं तेही आम्ही खणून बघितलं. ओली माती निघाली आणि एका ठिकाणी कुणाची तरी चप्पल. माझी नव्हती.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही फाट्यावरून चालत घरी आलो तेव्हा आत्या ओसरीवर वाट बघत बसली होती आणि दादा उगीच बैलांच्या दाव्याशी खुडबुड करत होते. मायनं कळशी खाली ठेवली. आत्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी ती जिवाचं रान करत आली होती तोच विचारला.

“काय म्हनले? पसंत हाय का?”

माय पाय धुवायला वळली होती. ती तशीच थांबली आणि म्हणाली, “हाय. शाळा पसंत हाय आमाला.”